झऱ्यावर टाकी बांधली आणि पाणी बाजूला सरकलं : एका जागेचं पूर्ण प्रकरण

जागा अशी आहे. डोंगरउतारावर घर, घराच्या वर साधारण २२ मीटर उंचीवर एक जुना झरा, आणि झऱ्यापासून घरापर्यंत पाइप टाकायचा तर अंतर ३०० मीटरच्या आसपास. घरात पाच माणसं, चार गुरं, थोडी भाजी, थोडी फळझाडं. आधीच्या मालकाने झऱ्याच्या तोंडावरच सिमेंटची उंच टाकी बांधलेली, म्हणजे पाण्याची पातळी मूळ तोंडापेक्षा सव्वा मीटर वर चढेल अशी. पाणी साठेल पण आणि खाली घराला जरा जास्त प्रेशर पण मिळेल, असा विचार त्यामागे होता. सुरुवातीला टाकी भरायची, मग हळूहळू भरेनाशी झाली. नवीन कुटुंबाने जागा घेतली तेव्हा टाकीत गुडघाभर गढूळ पाणी, त्यात पालापाचोळा आणि बेडूक, आणि टाकीपासून आठ-नऊ मीटर बाजूला, थोडंसं खाली, बारमाही दलदल. बघून जाणारा प्रत्येक जण सांगायचा की झरा आटला, आता बोअर मारा.

झरा आटला नव्हता. हे प्रकरण एवढं सविस्तर लिहितोय ते त्यासाठीच, कारण चांगला वाहता झरा अशा बांधकामाने हातातून जातो आणि लोक दोष पावसाला देतात.

आधी पाणी तिथे बाहेर का येतं ते बघू. उतारावर वरचा थर भुसभुशीत, झिजलेल्या खडकाचा आणि मुरमाचा, त्यात पाणी मुरतं. त्याच्याखाली घट्ट कातळ किंवा चिकणमातीचा थर, त्यातून पाणी फारसं खाली जात नाही, मग ते त्या थरावरून उताराच्या दिशेने सरकत राहतं आणि जिथे हा जोड जमिनीच्या बाहेर उघडा पडतो तिथे झरा लागतो. उतारावरचे पुष्कळ झरे असेच असतात. याचा अर्थ झऱ्यामागे पाण्याचा मोठा साठा जोरात ढकलत असतो असं नाही, बऱ्याचदा मागे जमिनीत पाण्याची पातळी तोंडापेक्षा थोडीशीच उंच असते आणि तेवढ्या फरकावरच सगळं वाहणं चालू असतं.

जमिनीतलं पाणी किती वाहणार हे पातळीतल्या फरकावर ठरतं, हा नियम फ्रेंच इंजिनिअर हेन्री दार्सीने १८५६ मध्ये मांडला. हा माणूस पुस्तकी नव्हता, त्याआधी १८४० मध्ये त्याने रोझ्वार नावाच्या झऱ्याचं पाणी सुमारे १२ किलोमीटर लांबून दिजों शहरात आणलं होतं, तेही नुसत्या उतारावर, पंप न लावता. आता त्याचा नियम आपल्या टाकीला लावून बघा. झऱ्याच्या तोंडावर पाणी सव्वा मीटर चढवलं की मागची पातळी आणि पुढची पातळी यांतला फरक कमी होतो, कधी कधी संपतोच. मागून येणारं पाणी तर थांबत नाही, ते मग दुसरी वाट शोधतं. एखादी भेग, मुळांनी केलेलं भोक, जास्त सच्छिद्र मुरमाचा पट्टा, जे मिळेल ते. एकदा त्या वाटेने वाहायला लागलं की बारीक माती धुवून नेतं आणि वाट अजून मोकळी करतं. बाजूची दलदल म्हणजे तेच पाणी असणार असा संशय होता, पण संशयावर खोदकाम करायचं नसतं.

म्हणून आधी साधी तपासणी केली. कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून त्यात क्षार किती ते सांगणारं यंत्र, घेऊन टाकीच्या तळाशी पाणी येतं तिथे, दलदलीत एक छोटा खड्डा करून त्यात, आणि खालच्या ओढ्यात, असं तीन ठिकाणी मोजलं. टाकी आणि दलदल जवळजवळ सारखी, सेंटीमीटरला ३०० मायक्रोसिमेन्सच्या (हे त्या मीटरचं एकक) आसपास, आणि ओढा त्याच्या निम्म्याहून कमी. तापमान पण टाकीच्या तळाचं आणि दलदलीचं सारखं, सकाळी घ्या नाहीतर दुपारी घ्या, ओढ्याचं मात्र उन्हाबरोबर चढतं उतरतं. यावरून दोन्ही पाणी एकाच थरातलं असावं असं दिसतं, सिद्ध होत नाही. पक्कं कळलं ते टाकीला तळाशी भोक पाडून पाणी मोकळं सोडल्यावर. एकदम न सोडता पातळी टप्प्याटप्प्याने उतरवली, म्हणजे मागची माती एकदम ढासळू नये. पंधरवड्यात दलदलीतलं वाहणं थांबून नुसती ओल राहिली आणि जुन्या तोंडातून पाणी स्वच्छ यायला लागलं. सगळ्याच ठिकाणी असं परत येईल याची खात्री नसते, वाट फार मोठी झाली असेल तर पाणी तिकडेच राहतं आणि मग नवीन जागीच बांधकाम करावं लागतं. इथे परत आलं.

यानंतर लगेच बांधायला घ्यायचं असं घरच्यांचं मत होतं, आणि ते समजण्यासारखं आहे, घरात पाणी नसलं की थांबवत नाही. पण मी आग्रह धरला की एक पूर्ण कोरडा काळ जाऊ दे. तोपर्यंत तोंडाशी मातीचा छोटा बांध घालून त्यात पाइपचा तुकडा बसवला, त्याखाली १० लिटरची बादली, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, दर आठवड्याला मोजायचं, प्रत्येक वेळी तीनदा मोजून सरासरी वहीत लिहायची, सोबत मागच्या आठवड्यात पाऊस किती झाला ते पण. भर पावसाच्या दिवसांत बादली १५ सेकंदांत भरायची, म्हणजे मिनिटाला ४० लिटर. कोरड्या महिन्यांच्या अगदी शेवटी तीच बादली भरायला अडीच मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४ लिटर. दहापट फरक आहे हा. पावसात बघून कोणी डिझाइन केलं असतं तर वर्षातले तीन-चार महिने घरात नुसते नळ राहिले असते. त्या वहीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा सगळ्यात लहान आकडा आहे, पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे.

मिनिटाला ४ लिटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण ते रात्रंदिवस वाहतं, १,४४० मिनिटांनी गुणलं की दिवसाला ५,७६० लिटर होतात. घरची गरज काढली, माणशी १५० लिटर धरून ७५०, गुरांना ६० प्रमाणे २४०, बाकी भाजी आणि झाडं, मिळून ताणून अडीच हजार लिटर. म्हणजे पाणी पुरेसं आहे, फक्त ते लागतं तेव्हा लागतं तेवढ्या वेगाने येत नाही, एक नळ पूर्ण उघडला तरी मिनिटाला आठ-दहा लिटर जातात. हा फरक साठवणीने भरून काढायचा असतो, झऱ्यावर जोर करून नाही. म्हणून ५,००० लिटरची टाकी, पण झऱ्यावर नाही, झऱ्याच्या १० मीटर खाली आणि घराच्या १२ मीटर वर, पक्क्या सपाट जागेवर. १२ मीटर उंची म्हणजे नळाला साधारण १.२ बार प्रेशर, घरगुती वापराला चालतं.

५,७६० पैकी अडीच हजार लागतात म्हटल्यावर बाकीच्याचं काय हा प्रश्न येतो आणि इथे मला थोडं थांबून बोलायचंय. तो झरा खालच्या ओढ्याला मिळतो, आणि कोरड्या महिन्यांत ओढ्यात जे काय पाणी असतं ते अशा चार-दोन झऱ्यांचंच असतं. खालचा शेजारी त्यावर गुरं पाजतो. झऱ्याच्या तोंडाशी बेडूक, गोगलगायी, पाण्यातले किडे असतात, ते बाराही महिने ओल राहते म्हणून तिथे असतात. झरा आपल्या हद्दीत उगवला म्हणून पाणी सगळं आपलं होत नाही. कायदा काय म्हणतो ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि ते आधी विचारून घ्यायलाच हवं, पण कायद्याने मोकळीक दिली तरी शेजाऱ्याशी बोलणं टळत नाही. या घरच्यांनी बांधकामाच्या आधीच खालच्या शेजाऱ्याला बोलावून वही दाखवली, आणि ठरलं की निम्मं घराला, निम्मं ओढ्याला, कितीही कमी असलं तरी. अगदी शेवटच्या आठवड्यांत घराच्या वाट्याला २,८८० लिटर येतात. भागतं, पण काठावर भागतं, म्हणून त्या काळात भाजीचं पाणी कमी करायचं हे पण तेव्हाच ठरलं.

खोदकाम कोरड्या काळाच्या शेवटी केलं, कारण तेव्हा पाणी कमी असतं आणि तेव्हा जिथून येतं ते खरं कायमचं तोंड. जेसीबी लावला नाही. कुदळ, फावडं, पहार आणि घमेलं, एवढंच. खालून सुरुवात करून पाण्याच्या मागे मागे वर उताराच्या आत जायचं, माती, कुजलेला पाला, मुळं काढत, पाणी सैल मातीतून पाझरताना दिसायचं बंद होऊन घट्ट थरातून निघताना दिसेपर्यंत. आणि खालचा कातळ किंवा चिकणमातीचा थर लागला की तिथेच थांबायचं, त्या थराला पहार लावायची नाही. तो फुटला तर पाणी खाली निघून जाईल आणि मग ते परत आणायला काहीच उपाय नाही. तोंड मोठं करायला सुरुंग लावणारे पण असतात, त्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय की असं करू नका. इथे आत गेल्यावर दिसलं की तोंड एक नाही, दोन मीटरच्या पट्ट्यात तीन ठिकाणी पाणी येतंय. जुन्या टाकीने त्यातलं एकच पकडलं होतं.

तीन तोंडं असल्यामुळे खालच्या बाजूला इंग्रजी व्ही आकाराची बुटकी भिंत बांधली, दोन्ही हात वरच्या बाजूला पसरलेले, आणि तिचा पाया खालच्या घट्ट थरात १५ सेंटीमीटर खोल घेतला, नाहीतर पाणी भिंतीच्या खालून जातं. बांधताना पाणी एका तात्पुरत्या पाइपने बाजूला काढून दिलेलं होतं, ओलं सिमेंट वाहत्या पाण्यात टिकत नाही. भिंतीच्या मागे, तोंडांच्या समोर, धुतलेले गोटे आणि खडी भरली, तोंडाजवळ मोठे गोटे आणि वर बारीक होत जाणारी खडी. धुतलेली यावर जोर आहे, मातकट खडी टाकली की महिनोनमहिने गढूळ पाणी येत राहतं. खडीच्या वर जाड प्लास्टिक, त्यावर ओली करून थापलेली चिकणमाती वीतभर, त्यावर साधी माती आणि गवत. पावसाचं पाणी वरून थेट आत शिरू नये म्हणून हे सगळं. झाडं मात्र तिथे लावली नाहीत, मुळं पाण्याच्या मागे येतात आणि पाइप बंद करतात.

भिंतीच्या कोपऱ्यातून पाइप पुढे एका छोट्या बंद हौदात, आत मीटरभर लांब-रुंद, आणि सगळ्या बांधकामात सगळ्यात जास्त वेळ एका गोष्टीवर घालवला ती म्हणजे पातळी. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली आणि हौदातली पाण्याची पातळी झऱ्याच्या सगळ्यात खालच्या तोंडापेक्षा १५ सेंटीमीटर खाली ठेवली. काहीही तुंबलं, कोणी व्हॉल्व्ह बंद केला, तरी पाणी मागे तोंडावर चढायचं नाही. ओव्हरफ्लोचा पाइप त्याच हिशोबाने ७५ मिलिमीटरचा, पावसातलं सगळ्यात जास्त पाणी सहज जाईल एवढा, त्याच्या तोंडाला बारीक जाळी आणि बाहेर पडतो तिथे दगड रचलेले, नाहीतर पाणी जमीन खोदत जातं. ओव्हरफ्लोला कधीही व्हॉल्व्ह लावायचा नाही. तळाला गाळ काढायचा पाइप वेगळा, आणि घराकडे जाणारा पाइप तळापासून १५ सेंटीमीटर वर, म्हणजे गाळ खाली राहतो. झाकणाला चारी बाजूंनी खाली वाकलेली कड, डब्याच्या झाकणासारखी, आणि कुलूप.

निम्मं-निम्मं करणं वाटतं तेवढं सोपं नाही. दोन सारखे पाइप लावले की पाणी सारखं वाटलं जाईल असं वाटतं पण ज्या पाइपला पुढे जास्त उतार तो जास्त ओढतो. म्हणून हौदात एक आडवी भिंत घालून तिच्या काठाला एकाच पातळीवर, एकाच मापाच्या दोन खाचा केल्या. पाणी खाचेतून मोकळं खाली पडतं, एका बाजूला घराचा कप्पा, दुसऱ्या बाजूला ओढ्याचा, पुढे कुठला पाइप किती ओढतो याचा वर काही परिणाम होत नाही. मिनिटाला ४ लिटर आले तर दोन-दोन, ४० आले तर वीस-वीस. शेजारी कधीही झाकण उघडून बघू शकतो, एक किल्ली त्याच्याकडे आहे.

पाइपबद्दल थोडक्यात. झऱ्यापासून टाकीपर्यंत २५० मीटर आणि उतार १० मीटर. मिनिटाला १२ लिटर न्यायचे तर आतून २६ मिलिमीटर असलेल्या एचडीपीई (काळ्या जाड प्लास्टिकच्या) पाइपमध्ये घर्षणात साधारण २ मीटर उंची खर्च होते, आणि आतून १६ मिलिमीटरच्या पाइपमध्ये तेवढ्याच पाण्याला २२ मीटर लागतात, जे इथे नाहीतच. स्वस्तात म्हणून बारीक पाइप घेणाऱ्यांनी हा फरक बघावा. मोठा पाइप घेतला तरी पहिल्या दिवशी पाणी टाकीत पोचलं नाही. मध्ये एका ठिकाणी पाइप एका उंचवट्यावरून गेला होता, तिथे हवा अडकून बसली होती, कमी वाहणाऱ्या झऱ्याच्या पाण्यात ती हवा पुढे ढकलायची ताकद नसते. तिथला चर खोल करून पाइप सलग उताराला घेतला आणि पाणी आलं. उंचवटा टाळता येत नसेल तर सगळ्यात वरच्या जागी एअर व्हॉल्व्ह लागतो. पाइप पुरलेला आहे, उघड्यावर ऊन लागून खराब होतो आणि पाणी पण तापतं.

आता पिण्याचा प्रश्न. झऱ्याचं पाणी थंड, नितळ, चवीला छान, म्हणून शुद्ध, असं मानण्याची आपल्या सगळ्यांना सवय आहे आणि ती धोक्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे, पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय, म्हणजे माणसांच्या आणि गुरांच्या विष्ठेतून येणारा जंतू, अजिबात सापडायला नको. इथे नमुना दोनदा दिला, एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा पहिल्या जोरदार पावसानंतर. कोरड्यात काही नाही. पावसानंतर ई. कोलाय सापडला आणि पाणी पण थोडं गढूळ झालं. एकदाच, कोरड्यात तपासलं असतं तर रिपोर्ट हातात घेऊन सगळे निर्धास्त पाणी पीत बसले असते. पाऊस पडल्यावर काही तासांत पाणी बदलतं याचा अर्थ कुठूनतरी वरचं पाणी नीट न गाळता आत येतंय. नायट्रेट, पीएच, लोह हे पण तपासून घेतलं, ते ठीक निघालं, खडकाप्रमाणे फ्लोराइड आणि आर्सेनिक पण बघायला हवं ते बघितलं.

शोध घेतल्यावर कारण वर सापडलं. झऱ्याच्या वरच्या अंगाला दुसऱ्या शेजाऱ्याची गुरं चरायची आणि पावसात शेण धुवून थेट झऱ्याच्या माथ्यावर यायचं. तोंडाच्या १० मीटर वर एक अर्धचंद्राकृती चर काढून वरून येणारं पाणी दोन्ही बाजूंना वळवलं, आणि त्याच्याही वर पुरेशी जागा सोडून कुंपण घातलं. त्या शेजाऱ्याची तेवढी चराईची जागा गेली, म्हणून कुंपणाबाहेर त्याच्या गुरांसाठी ओव्हरफ्लोच्या पाण्यावर एक डोण करून दिली. मग हौद आणि टाकी निर्जंतुक केली. प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे ५०० लिटर पाण्याला २५ ग्रॅम, ५ टक्क्यांचं साधं ब्लीच असेल तर अर्धा लिटर. हौदातून पाणी सतत वाहतं त्यामुळे तिथे क्लोरीन टिकत नाही, म्हणून झऱ्याचं पाणी थोडा वेळ बाजूला वळवून भिंती त्या द्रावणाने घासल्या, टाकीत मात्र रात्रभर ठेवता आलं. ते क्लोरीनचं पाणी ओढ्यात सोडायचं नाही, मासे आणि बेडूक मरतात, मोकळ्या जमिनीवर लांब पसरून टाकलं.

त्यानंतरच्या पावसातला नमुना स्वच्छ आला. तरी स्वयंपाकघरातल्या नळाला आधी फिल्टर आणि मग यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा, बसवलाय, त्या क्रमाने, कारण पाणी गढूळ असलं तर किरण जंतूंपर्यंत नीट पोचत नाहीत. आणि वीज गेली किंवा पाणी गढूळ दिसलं तर पिण्याचं पाणी चांगलं खळाखळा उकळून घ्यायचं असं घरात ठरलेलं आहे. मला हे जास्तीचं वाटत नाही. उघड्या निसर्गातून येणारं पाणी एका रिपोर्टवर कायमचं सोडून देता येत नाही.

जुन्या टाकीच्या भिंती पाडल्या. दलदलीची जागा सुकली, पण तिथल्या जुन्या वाटेवर लक्ष ठेवावं लागतं, पावसाच्या दिवसांत अजूनही थोडं पाणी तिकडून येतं, ते तसंच येऊ दिलंय. हौद वर्षातून दोनदा उघडून गाळ काढतात, प्रत्येक मोठ्या पावसानंतर चर आणि ओव्हरफ्लोची जाळी बघतात, वर्षातून एकदा तरी पावसातच नमुना देतात. वही चालू आहे. पाऊस मागच्यापेक्षा कमी झाला त्या वर्षी तळाचा आकडा ४ वरून साडेतीनवर आला, घराच्या वाट्याला दिवसाला अडीच हजारच, आणि भाजीचे अर्धे वाफे त्या काळात रिकामे ठेवले.

वरच्या उतारावर, जिथे पाणी मुरतं त्या भागात, समतल चर, म्हणजे पाणी अडून मुरावं म्हणून उताराला आडवे, एकाच पातळीत काढलेले चर, खणायचं बोलणं आता चालू झालंय. ती जमीन तीन जणांची आहे आणि खडकाचे थर जमिनीच्या उतारापेक्षा वेगळ्या दिशेला कललेले दिसतात, त्यामुळे झऱ्याचं पाणी नक्की कोणाच्या जमिनीत मुरतं ते भूजलाच्या जाणकाराकडून बघून घेतल्याशिवाय एकही चर खणायचा नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय.